फॉस्फेट खाली आणलं की पंधरा दिवसांत परत वर, दीड वर्षाने सापडलेलं कारण

खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, आपण ज्याला मीडिया म्हणतो) टाकलं, चार दिवसांत फॉस्फेट ०.५ वरून ०.१ पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) आलं, बरं वाटलं, पंधरा दिवसांनी टेस्ट केली तर परत ०.४. मग परत नवीन जीएफओ, परत खाली, परत वर. माझ्याकडे हे जवळजवळ दीड वर्ष चाललं आणि मीडियावर जो खर्च झाला तो झालाच पण त्यापेक्षा कोरल्सचे जे हाल झाले त्याचं जास्त वाईट वाटतं. ज्यांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय, कारण माझं कारण जिथे सापडलं तिथे मी कधी बघितलंच नव्हतं आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत तीच गोष्ट किचनच्या भिंतीवर लटकलेली असते.

आधी सेटअप सांगतो. ठाण्यात आहे, संप (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण २८० लिटर. फक्त सॉफ्ट कोरल्स, म्हणजे एक मोठा टोडस्टूल लेदर, झोआ, मशरूम आणि मागच्या काचेवर जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप्स). (दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही आणि नवीन लोकांनाही तेच सांगतो.) मासे म्हणजे क्लाउनची जोडी, एक कोल टँग, एक गोबी. रॉक सगळे हाताने बनवलेले, सिमेंट आणि शिंपल्याच्या चुऱ्याचे, एकाने टँक बंद केला त्याच्याकडून वाळूसकट घेतलेले. हे सेकंडहँड रॉक लक्षात ठेवा, पुढे त्यांचा विषय येतो.

लक्षणं काय होती तर काच आज पुसली की उद्या संध्याकाळी परत हिरवी, रॉकवर केसांसारखं शेवाळ, कोरलाइन (रॉकवर चढणारं जांभळं, कडक, चांगलं शेवाळ) जवळजवळ थांबलेली. गंमत म्हणजे शेवाळ सगळ्यात जास्त होतं तेव्हा मीटरवर आकडा फक्त ०.०८ दिसायचा आणि मी निर्धास्त होतो. पाण्यात सुटलेलं फॉस्फेट शेवाळच खाऊन टाकत होतं, मीटरला दिसायला उरतच नव्हतं. मी हाताने शेवाळ उपटलं, टर्बो गोगलगायी आणल्या, शेवाळ कमी झालं आणि आकडा ०.५ वर गेला. त्यामुळे टँक हिरवागार असताना मीटर कमी दाखवतोय म्हणून फॉस्फेट कमी आहे असं समजू नका.

टेस्टबद्दल पण थोडं बोलायला पाहिजे कारण निम्मे लोक चुकीच्या आकड्यामागे धावतात. मी आधी हॅना कंपनीचा ७१३ नंबरचा चेकर (छोटा मीटर) वापरायचो, त्याची अचूकता अधिक-उणे ०.०४ पीपीएम आणि वर रीडिंगच्या ४ टक्के. म्हणजे त्याने ०.०५ दाखवलं तर खरं ०.०१ पण असू शकतं आणि ०.०९ पण. हाय फॉस्फेट शोधायला तो ठीक आहे पण खालच्या टोकाला त्याच्यावर निर्णय घेऊ नका. आता ७७४ आहे, तो अधिक-उणे ०.०२ चा. फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवणारा ७३६ असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागायचं, मग पीपीएम फॉस्फेट मिळतं, ३३ पीपीबी म्हणजे साधारण ०.१ पीपीएम. काचेची बाटली प्रत्येक वेळी तीच वापरा, एकाच बाजूने ठेवा, बोटांचे ठसे जुन्या सुती कपड्याने पुसा, पुडीतली पावडर कोपऱ्यात अडकू देऊ नका, आतले बुडबुडे जाऊ द्या. आणि ती बाटली भांड्यांच्या साबणाने कधीच धुवू नका, काही डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असतं, आरओच्या पाण्याने तीन-चार वेळा खळखळून काढली की झालं. मी दर रविवारी सकाळी लाइट लागायच्या आधी टेस्ट करून वहीत लिहितो. ही वही नसती तर मी अजूनही मीडियाच टाकत बसलो असतो.

आता पंधरा दिवसांत परत वर का येतं. पहिलं कारण रॉक आणि वाळू. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं, पाण्यात जास्त असेल तर शोषतं आणि पाण्यातलं कमी झालं की सोडायला लागतं. जरा हिशोब करा, २८० लिटरमध्ये ०.५ पीपीएम म्हणजे सगळं मिळून १४० मिलिग्रॅम, चिमूटभर. मी जीएफओने काढलं ते या पाण्यातलं चिमूटभर, आणि रॉकच्या पोटात याच्या कित्येक पट होतं कारण आधीच्या मालकाकडे ते काही वर्षं भरपूर खाणं घातलेल्या टँकमध्ये होते. त्यामुळे पाणी स्वच्छ केलं की रॉक परत भरून टाकायचे.

याला इलाज म्हणजे धीर धरणं, दुसरा नाही. जीएफओ थोडं थोडं पण सतत चालू ठेवायचं आणि वहीत फक्त एक गोष्ट बघायची, मीडिया संपल्यावर आकडा परत वर यायला किती दिवस लागतात. माझ्याकडे पहिल्या वेळी ८ दिवस लागले, मग १२, मग १९. हे अंतर वाढत गेलं म्हणजे रॉक रिकामे होतायत, योग्य चाललंय. मीडिया संपला की नाही कळायला रिॲक्टरच्या (मीडिया भरलेली, पाणी फिरवणारी नळी) बाहेर पडणारं पाणी वेगळं टेस्ट करा, टँकच्या पाण्याएवढंच फॉस्फेट त्यात आलं तर मीडिया गेला. सुरुवातीला माझा आठवड्याच्या आत जायचा, आणि मी पाकिटावर महिना लिहिलाय म्हणून महिनाभर तोच ठेवून बसायचो.

जीएफओ वापरताना दोन चुका नका करू. एकतर ते नीट धुवा, लालसर तपकिरी पाणी जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत, नाहीतर ती पूड सगळीकडे बसते. रिॲक्टरमध्ये फ्लो एवढाच ठेवा की वरचा थर नुसता हलेल, जोरात फिरवलं की दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं. दुसरं म्हणजे पूर्ण डोस एकदम नको. पहिल्या वेळी मी पूर्ण डोस टाकला आणि ०.५ चं ०.१ चार दिवसांत झालं, माझा लेदर तीन आठवडे मिटून बसला, एकही पॉलिप बाहेर नाही, वरती मेणासारखा थर धरून. कोरलला ०.५ ची सवय झाली असेल तर ते ०.५ त्याला तेवढं त्रास देत नाही जेवढं ते अचानक काढून घेणं देतं. जीएफओने अल्कलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची पातळी) पण थोडी खाली येते, तेव्हा ती सोबत मोजत राहा. मी आता अर्ध्या डोसने सुरू करतो आणि आठवड्यात आकडा एक तृतीयांशपेक्षा जास्त पडू देत नाही, हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही.

आणि शून्य हे टार्गेट ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. एका मित्राने नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं आणि अभिमानाने फोटो पाठवला, पुढच्या महिन्यात वाळूवर तपकिरी चिकट धागे, टोकाला बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारपर्यंत परत सगळीकडे. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव. गोगलगायी मेल्या. बाकीचे जीव उपाशी राहिले की ती मोकळी जागा डायनो घेतात. मी ०.०३ ते ०.१ च्या मध्ये ठेवतो आणि सॉफ्ट कोरल्सना त्यात काहीच अडचण नाही.

तर चारेक महिन्यांनी माझं अंतर १९ दिवसांवर आलं आणि मला वाटलं संपलं. मग ते तिथेच अडकलं. मीडिया काढला की आकडा उडी मारून नाही तर हळूहळू, दर रविवारी ०.०२, ०.०३ असा चढायचा. रॉकचं वागणं असं नसतं, रॉक आधी पटकन देतात आणि एका पातळीला येऊन थांबतात. इथे थांबतच नव्हतं, म्हणजे रोज कुठूनतरी नवीन माल येत होता.

पहिला संशय अर्थातच खाण्यावर. पेलेटमध्ये साधारण १ टक्का फॉस्फरस धरा, म्हणजे १ ग्रॅम पेलेटमध्ये १० मिलिग्रॅम फॉस्फरस, त्याचं फॉस्फेट होतं ३० मिलिग्रॅम, आणि २८० लिटरमध्ये ते ०.१ पीपीएम. एका ग्रॅममध्ये! सगळं पाण्यात राहत नाही, काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) काढतो, पण अंदाज येतो. आमच्याकडे आई सकाळची पूजा झाली की माशांना घालायची, मी ऑफिसला जाताना घालायचो, आणि मुलगी शाळेतून आली की तिचीही एक चिमूट असायची, कोणालाच माहीत नाही दुसऱ्याने घातलं की नाही. मी औषधांच्या गोळ्यांचा तो सोमवार ते रविवार कप्प्यांचा डबा आणला, रविवारी काट्यावर वजन करून सात कप्पे भरतो, कप्पा रिकामा दिसला की आजचं झालं. आईने तो देवघराशेजारीच ठेवलाय. गणपतीत गावाला जातो तेव्हा शेजारच्यांना तोच डबा देऊन जातो, बाकी खाण्याची बाटली कपाटात बंद. फ्रोझन मायसिसचं (कोळंबीसारखे बारीक जीव) बर्फाचं पाणी गाळून फेकायची सवय चांगली आहे पण त्याने फार फरक पडेल ही आशा नको, फॉस्फरस मुख्यतः त्या मायसिसच्या अंगातच असतो, तो माशाने खाल्ला की येणारच.

खाण्याने फरक पडला, चढ कमी झाली पण गेली नाही. मग फ्लॉस (फिल्टरचा कापूस) दर तीन दिवसांनी बदलायला लागलो, संपच्या तळाचा गाळ सायफन केला, मोठ्या सिरींजने रॉकच्या मागचा कचरा उडवून काढला, कार्बन तपासला (काही ॲक्टिव्हेटेड कार्बन बनवताना फॉस्फोरिक ॲसिड वापरतात आणि त्यातून फॉस्फेट सुटतं, ग्लासभर आरओच्या पाण्यात चमचाभर कार्बन रात्रभर ठेवून सकाळी टेस्ट करा, कळतं). माझा कार्बन स्वच्छ निघाला. नवीन मीठ कालवलेलं पाणी टेस्ट केलं, ०.०१. आरओचं पाणी टेस्ट केलं, ०.००, दुसऱ्या दिवशी ०.०२, म्हणजे नाहीच. मी आरओवर फुली मारून टाकली आणि इथेच माझे सहा महिने गेले.

सुगावा वहीने दिला. एप्रिल-मे मध्ये चढ सगळ्यात जास्त, महिन्याला ०.२ च्या वर. जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम ०.१. खाणं तेच, मासे तेच, कारण डबा आला होता. मग उन्हाळ्यात बदलतं काय? मी उन्हाळ्यात टँक थंड ठेवायला संपवर दोन पंखे लावतो, त्याने पाणी उडतं, रोजचं टॉपअप (उडालेल्या पाण्याच्या जागी घातलेलं पाणी) ७ लिटरपर्यंत जातं. पावसाळ्यात हवेतच एवढी ओल असते की ३ लिटरवर भागतं. टॉपअप दुप्पट तर चढ दुप्पट. वहीतले ते दोन कॉलम शेजारी शेजारी बघितले तेव्हा अंगावर काटा आला, कारण टॉपअपचं पाणी मी स्वतः टेस्ट करून शून्य म्हणून पास केलं होतं.

आता ते पाणी कुठलं, तर किचनमधल्या आरओचं. घरच्या आरओमध्ये दोन गोष्टी असतात ज्या टँकवाल्याने माहीत करून घ्यायलाच पाहिजेत. एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर, छोटासा व्हॉल्व्ह, तो मेंब्रेनला वळसा घालून थोडं कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो म्हणजे पिताना चव लागते. पिण्यासाठी ठीक आहे. पण टँकसाठी याचा अर्थ ते आरओचं पाणी नाहीच, ते मिश्रण आहे. माझ्या आरओच्या नळाला टीडीएस ४८ यायचा आणि मी आरओ आहे म्हणून कधी मोजलाच नव्हता. दुसरी गोष्ट अँटीस्केलंट. मेंब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून मेंब्रेनच्या आधी एक कार्ट्रिज लावतात. सर्व्हिसला आलेल्या मेकॅनिकला मी ते उघडून दाखवायला सांगितलं. आत पारदर्शक, गुळगुळीत, काचेच्या गोट्यांसारखे खडे. तो म्हणाला, आठ महिन्यांपूर्वी काठोकाठ भरून दिला होता, आता अर्धा उरलाय. मी विचारलं बाकीचा अर्धा गेला कुठे. "पाण्यात विरघळतो ना साहेब, त्याचं कामच ते." हे खडे पॉलिफॉस्फेटचे असतात. मेंब्रेन त्यातलं बरंचसं अडवून वेस्टच्या पाइपने बाहेर काढतं, पण माझ्या मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलरचा पाइप या कार्ट्रिजच्या नंतर निघाला होता, म्हणजे पॉलिफॉस्फेट मिसळलेलं पाणी मेंब्रेनला न भेटता थेट टाकीत.

मग टेस्टला शून्य का? कारण आपले चेकर आणि थेंबांचे किट सगळे फक्त ऑर्थोफॉस्फेट मोजतात. पॉलिफॉस्फेट म्हणजे तेच फॉस्फेट पण साखळीत अडकलेलं, रिएजंटला ते दिसत नाही. टँकमध्ये गेलं की बॅक्टेरिया ती साखळी हळूहळू तोडतात आणि मग ते ऑर्थो होऊन मीटरवर दिसतं, शेवाळालाही मिळतं. पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये टोटल फॉस्फेट मागावं लागतं, ते ॲसिड घालून तापवून सगळं मोकळं करतात आणि मग मोजतात. हे घरी करायला जाऊ नका. माझ्या पाण्याचं टोटल आलं ०.३ पीपीएम. आता हिशोब जुळवा, उन्हाळ्यात रोज ७ लिटर गुणिले ०.३ म्हणजे २.१ मिलिग्रॅम, २८० लिटरमध्ये दिवसाला ०.००७५, महिन्याला ०.२२. पावसाळ्यात ३ लिटरने महिन्याला ०.१ च्या आसपास. वहीतले आकडे तेच होते. आणि मी दर आठवड्याला त्याच पाण्याने वॉटर चेंज करत होतो, म्हणजे ०.१ चं पाणी काढून मनापासून ०.३ चं भरत होतो.

आता टँकसाठी वेगळा आरओ-डीआय आहे, त्यात अँटीस्केलंट नाही, टीडीएस कंट्रोलर नाही, मेंब्रेननंतर रंग बदलणारं डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे). आउटपुट शून्य. वेगळं युनिट जमत नसेल तर निदान मेकॅनिककडून किचनच्या मशीनला मेंब्रेनच्या लगेच नंतर एक टी-जोड आणि नळ काढून घ्या, मिक्सिंगच्या आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, आणि त्यापुढे छोटं डीआय लावा. एक गोष्ट मात्र बघा, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आले की बोअरचं पाणी मिसळतं, नळाचा टीडीएस एरवी शंभरच्या आत असतो तो माझ्याकडे तीनशेच्या पुढे गेला होता, अशा वेळी रेझिन फार लवकर संपतं. रंगावर विसंबू नका, टीडीएस मीटर आठवड्याला बुडवा.

पाणी बदलल्यावर महिन्याभरात चढ थांबली. राहिलेलं ०.२५ होतं ते काढायला मी लँथेनम क्लोराइड वापरलं, त्याबद्दल थोडक्यात. लँथेनम फॉस्फेटला पकडून न विरघळणारा पांढरा गाळ करतं. १ मिलिग्रॅम फॉस्फेटला साधारण दीड मिलिग्रॅम लँथेनम लागतं, थोडं कार्बोनेटबरोबर वाया जातं म्हणून केएच (तीच अल्कलिनिटी) पण खाली येते. बाटलीवरची तीव्रता वाचूनच डोस काढा, प्रत्येक बाटली वेगळी असते. आरओच्या पाण्यात पातळ करून थेंब थेंब, काही तास घेऊन, १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टर सॉकमध्ये (गाळायची कापडी पिशवी) सोडा म्हणजे गाळ टँकमध्ये न जाता तिथेच अडकतो. टँग जातीच्या माशांना याचा त्रास झाल्याचं बरेच जण सांगतात म्हणून मी पहिल्या दिवशी हिशोबाच्या दहाव्या भागाने सुरुवात केली आणि कोल टँगचा श्वास बघत तिथेच स्टूल टाकून बसलो. काही झालं नाही, पण घाई केली असती तर झालं असतं असं मला वाटतं. रॉक भरलेले असताना आणि बाहेरून माल येत असताना लँथेनम वापरू नका, नुसतं केमिकल ओतत राहाल.

केटोबद्दल (मुद्दाम वाढवलेलं, फॉस्फेट-नायट्रेट खाणारं शेवाळ) पण लोक विचारतात. माझ्या रिफ्युजियममध्ये (ते वाढवायचा वेगळा कप्पा) केटो होतं आणि आधी ते पांढुरकं होऊन तुटत होतं, कारण नायट्रेट १ च्या खाली आणि फॉस्फेट ०.५. त्याला दोन्ही लागतात, नायट्रेटच नसेल तर ते फॉस्फेट उचलणार कसं. बॅक्टेरिया वाढवायला व्होडका, व्हिनेगर डोस करणाऱ्यांनी हे विशेष बघा, त्याने नायट्रेट आधी पडतं आणि फॉस्फेट तिथेच राहतं. आता नायट्रेट ५ च्या आसपास ठेवतो तर केटो दर तीन आठवड्यांनी मूठभर काढावं लागतं आणि जीएफओचा रिॲक्टर फेब्रुवारीपासून बंद आहे.

कालच्या रविवारचं रीडिंग ०.०६, त्याच्या आधीचं ०.०५. लेदर पूर्ण उघडा आहे, ताटाएवढा.

तुमचं फॉस्फेट परत परत येत असेल तर मीडियाची ऑर्डर द्यायच्या आधी रोजचं टॉपअप किती लिटर, खाणं किती ग्रॅम आणि मीडिया काढल्यावर किती दिवसांत किती चढतं हे तीन आकडे महिनाभर लिहा. पटकन चढून थांबत असेल तर रॉक. थांबतच नसेल तर खाणं नाहीतर पाणी, आणि त्यातलं टॉपअपबरोबर कमी-जास्त होत असेल तर आजच आरओचं झाकण उघडून ते गोट्यांचं कार्ट्रिज आहे का बघा आणि टीडीएस कंट्रोलरचा पाइप त्याच्या नंतर निघतोय की आधी ते मेकॅनिकला बोट ठेवून दाखवायला सांगा.